लेकीकडे, हॉलंडच्या हिवाळ्यात

मैत्रिणींनो, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी अशा आपल्या उपनगरांतून जी पत्रं येतात, त्यांत लोणच्याला बुरशी का आली याच्या जोडीला हल्ली एक वेगळाच प्रश्न असतो. "मुलगी-जावई हॉलंडला आहेत. थंडीत तीन महिने या म्हणतात. जाऊ का? आणि जाऊन करू काय?" पहिल्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. जा. दुसऱ्याचं जरा ऐसपैस लिहावं लागेल, म्हणून आजचं सदर सगळं त्यालाच.

हॉलंड म्हणायची आपली जुनी सवय. देशाचं नाव नेदरलँड्स. आपली मराठी मंडळी बरीचशी ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलव्हेनमध्ये, नाहीतर हेगमध्ये, आइंडहोवनच्या बाजूला. सकाळी लेक-जावई दोघंही सायकलवर टांग मारून निघून जातात, नातवंड शाळेत, आणि घरात तुम्ही एकट्या.

डिसेंबरात तिथे सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमारास आणि मावळतो साडेचारला. मधल्या वेळातही बहुधा ढगच. थंडीचं म्हणाल तर तिचं एवढं काही नाही. घरं उबदार असतात. बाहेर पारा शून्याच्या थोडा वर, पण वारा आणि ओल अंगावर येते. छत्री उलटी होते, म्हणून टोपीचा रेनकोट घ्या. साडी सोडायची गरज नाही, आत लोकरीची विजार आणि पायांत बूट घातले की झालं. सोसवत नाही तो अंधार, आणि त्याहून सोसवत नाही ती दारावरची शांतता. आपल्याकडे सोसायटीत दिवसातून दहादा बेल वाजते. कचरेवाली, इस्त्रीवाला, समोरच्या वहिनी "जरा वाटीभर बेसन देता का" म्हणून. तिथे तीन-तीन दिवस बेल वाजत नाही. वाजलीच तर पार्सलवाला, आणि पार्सल असतं शेजाऱ्यांचं!

एका भगिनीने लिहिलं आहे, "शेजारीण रोज हसून हात करते, पण महिना झाला, एकदा म्हणून घरात बोलावलं नाही. आपण आवडत नसू का तिला?" बाई गं, असं मनाला लावून घेऊ नका. परक्या माणसांशी तुटकपणे वागणारे लोक सगळीकडे असतात, तिथेही आहेत. पण न बोलावण्यावरून तसा अर्थ काढू नका. डच माणूस सख्ख्या बहिणीकडेही सहसा न कळवता जात नाही. प्रत्येकाची तारखांची वही असते, आता ती फोनमध्ये आली आहे, आणि त्यात दोन-दोन आठवडे आधी कॉफी नोंदलेली असते. मंगळवारी दहाला कॉफी म्हणजे दहाला. पावणेदहाला गेलात तर ती केस विंचरत असेल, साडेदहाला गेलात तर तोंड पाडून बसलेली असेल. साडेअकराच्या सुमाराला आपणच उठायचं. "आता जेवूनच जा" असं कुणी म्हणणार नाही आणि त्यात पाहुण्याचा अपमान आहे असं त्यांच्या डोक्यातही येत नाही. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं. डबा दुसऱ्यांदा फिरला तर ती घरोब्याची खूण समजा.

तेव्हा वाट बघत बसायचं नाही. गेल्या गेल्या पहिल्याच आठवड्यात लेकीकडून दोन-तीन चिठ्ठ्या लिहवून घ्या. "मी अमुकची आई, भारतातून तीन महिन्यांसाठी आले आहे. अमुक तारखेला सकाळी दहा वाजता चहाला याल का?" आणि शेजारच्या टपालपेटीत टाका. आल्याचा, वेलचीचा चहा करा, चकली ठेवा, तिखट बेताचं. मी पाहिलेल्या शेजारणी तरी अशा आमंत्रणाने खूश होतात, वेळेवर येतात आणि जाताना वही काढून तुमच्यासाठी तारीख लिहितात. इंग्रजी जेमतेम असलं तरी भागतं. त्या लोकांना इंग्रजी चांगलं येतं आणि समोरचीचं व्याकरण त्या तपासत नाहीत. शिवाय पुष्कळ गावांच्या वाचनालयांत कॉफी घेत घेत डच बोलायला शिकण्याची बैठक असते. तिथे तुमच्यासारख्याच तुर्की, मोरोक्कन, पोलिश बायका भेटतील. जावयांना सांगून पत्ता काढून ठेवा.

वाढदिवसाचं बोलावणं आलं तर आणखी एक गंमत. सगळे खुर्च्या गोल मांडून बसतात, आणि आत शिरल्यावर नुसतं वाढदिवसवालीला नव्हे, तर तिच्या नवऱ्याला, आईला, बहिणीला, सगळ्यांना हात मिळवून अभिनंदन म्हणायचं असतं. आणि वाढदिवसांचं कॅलेंडर कुठे टांगतात ठाऊक आहे? संडासात! म्हणजे रोज नजर पडते आणि कुणाचा दिवस चुकत नाही. आपल्याला ऐकून कसंसंच होतं, पण युक्ती म्हणून बिनतोड आहे.

आता सामानाकडे वळू, कारण इथेच आपण सगळ्याजणी घोळ घालतो. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप, पेढे, बर्फी, खवा, सगळं विमानतळावर टाकून द्यावं लागेल. ताजा कढीलिंब, हिरव्या मिरच्या, आंबे यांनाही सर्टिफिकेट लागतं. केळी आणि नारळ मात्र त्यातून वगळले आहेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, तेलामुळे त्या पेट घेतात म्हणून. तुपासाठी जीव टाकू नका. तिथल्या दुकानात मिळणारं बिनमिठाचं 'रोमबोटर' कढवा, असं कणीदार तूप निघतं की लेकीलाही पुन्हा डबा मागवावा लागणार नाही. 'कार्नमेल्क' म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतं ते आपलं ताक, कढीला उत्तम. आणि 'क्वार्क' नावाचा घट्ट पदार्थ घ्या, पंचात बांधून तासभर टांगा, पिठीसाखर, केशर, जायफळ घाला. श्रीखंड झालं, चक्क्यासाठी रात्रभर थांबायला नको.

कुकर नेण्याआधी लेकीला विचारा शेगडी कसली आहे. 1 जुलै 2018 पासून तिथे नव्या घरांना गॅसची जोडणी देणं बंद झालं, त्यामुळे पुष्कळ घरांत इंडक्शन आहे, आणि त्यावर आपला नेहमीचा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तर भांडं चालेल, नाहीतर घरीच ठेवा. बिडाचा तवा छान चालतो. इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही. ओव्हन न पेटवता आतला नुसता दिवा लावून त्यात ठेवा. आणि मिरचीची फोडणी देताना आधी पंखा लावा, खिडकी उघडा. 2022 पासून तिथे प्रत्येक घरात धुराची घंटा सक्तीची आहे. ठसका लागायच्या आत ती किंचाळते.

भाजीचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर सुरिनामी दुकानांत आहे. सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली डचांची वसाहत. 1873 साली 'लाला रूख' जहाजातून कलकत्त्याहून हिंदुस्थानी मजुरांची पहिली तुकडी तिथे नेली. 1975 ला सुरिनाम स्वतंत्र झालं, त्या सुमारास त्यांची नातवंडं-पतवंडं मोठ्या संख्येने हॉलंडला आली. हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांची सरनामी बोली भोजपुरी-अवधीच्या वळणाची, तेव्हा तुमचं मुंबईचं हिंदी थोडंफार कामाला येईल. कारल्याला 'सोप्रोपो' म्हणतात, लांब चवळीच्या शेंगांना 'काउसेनबांड'. उडदाच्या वड्याला ते 'बारा' म्हणतात. 'टोको' नावाची इंडोनेशियन वाणसामानाची दुकानं असतात, तिथे चिंच, नारळाचं दूध आणि 'गुला जावा' नावाचा ताडगुळासारखा गूळ मिळतो.

डचांचं स्वतःचं रोजचं जेवण साधं, जरा जास्तच साधं. दुपारी थंड पाव आणि चीज. पावाला लोणी लावून वर चॉकलेटचे दाणे भुरभुरतात, आणि हे लहान मुलंच नव्हे, बँकेतले साहेबसुद्धा खातात. संध्याकाळी सहाला गरम जेवण आटोपतं. हिवाळ्यात 'स्टाम्पॉट', म्हणजे उकडलेले बटाटे आणि एखादी भाजी एकत्र ठेचायची. ठेचणी अगदी आपल्या पावभाजीची. चव मात्र मसाला घालायला विसरलेल्या पावभाजीची! केलची पालेभाजी घालून केलेला मला आवडतो. वरून लसूण-मिरचीची फोडणी ओतली तर जावईही आवडीने खातात. वाटाण्याच्या डाळीचं घट्ट सूप तर इतकं दाट की त्यात चमचा उभा राहायला हवा. पण शाकाहारी भगिनींनो, जपून. त्यात डुकराचं मांस असतं. जिरं घातलेलं लायडनचं चीज आपल्या तोंडाला रुचतं, पण पुष्कळ चीज वासराच्या पोटातल्या रसाने विरजतात. चालत नसेल तर 'वेखेतारिश' हा शब्द वेष्टनावर शोधायला लेकीला सांगा.

बाळंतपणाला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे, कारण इथे मायलेकींची खरी जुंपते. बाळ-बाळंतीण घरी आल्यावर आठवडाभर एक शिकलेली परिचारिका रोज काही तास घरी येते. विम्यातून तिचा बराचसा खर्च निघतो. ती बाळाला उताणं झोपवायला सांगते, उशी नाही, गोधडी नाही, तुमच्या कुशीत तर नाहीच. आणि भर थंडीत खिडकीही उघडते. तुमचा जीव खालीवर होईल. पण झोपेत बाळ दगावण्याचं प्रमाण याच सवयींनी खूप कमी झालं, हे सगळीकडे दिसून आलं आहे. लेकीला तुमच्या आणि तिच्या मध्ये उभं करू नका. शेक-शेगडी, धुरी तर बंद घरात मुळीच नको, विषारी वायू साठतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेलाचा हलका हात, यांना कुणी अडवणार नाही. गंमत बघा, बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना ते लोक कडक टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळलेले बडीशेपेच्या जातीचे दाणे घालून देतात. या दाण्यांनी आईला दूध येतं, अशी त्यांच्यातली जुनी समजूत. आपली बाळंतशेपच की ही!

आता सणांकडे. 11 नोव्हेंबरला ॲमस्टरडॅमकडच्या भागात मुलं कागदी कंदील घेऊन संध्याकाळी दारोदार गाणी म्हणत फिरतात. न कळवता दार वाजतं ते या एका दिवशी. आपल्या भोंडल्याच्या खिरापतीसारखी तयारी ठेवा, संत्री आणि वेष्टनातल्या गोळ्या, आणि दाराबाहेर दिवा. त्या रात्री आळीतली सगळी मुलं नि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आया तुम्हाला बघतात. ओळख करून घ्यायला इतकी सोपी संध्याकाळ पुन्हा मिळत नाही, म्हणून जमलं तर तिकीट त्याआधीचं काढा.

मग येतो सिंटरक्लास. लाल झगा, उंच टोपी, पांढरा घोडा. नोव्हेंबरच्या मध्यावर हा स्पेनहून आगबोटीने येतो असं मुलांना सांगतात. मुलं रात्री बूट मांडून त्यात घोड्यासाठी गाजर ठेवतात, सकाळी त्यात खाऊ मिळतो. पूर्वी त्याच्या मदतनिसांचे चेहरे काळे रंगवत. ते अपमानाचं आहे म्हणून वर्षानुवर्षं भांडणं झाली, आता पुष्कळ ठिकाणी गालांवर धुराड्याच्या काजळीचे नुसते पट्टे ओढतात. 5 डिसेंबरच्या संध्याकाळी भेटवस्तू, आणि प्रत्येक भेटीबरोबर घेणाऱ्याची थट्टा करणारं यमक जुळवलेलं कवन. हे वाचून तुम्हाला काय आठवलं? उखाणा! जावयांच्या घोरण्यावर चार ओळी तुम्हीही जुळवा, लेक डचमध्ये अर्थ सांगेल. या दिवसांत 'स्पेक्युलास' नावाची बिस्किटं घरोघरी असतात. तोंडात टाकलं की दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ असा आपला गरम मसालाच बोलतो. हे मसाले त्यांच्या घरात कुठून आले, हे वेंगुर्ल्याच्या माणसाला सांगायला नको. सतराव्या शतकातली डचांची वखार तिथे पडक्या भिंतींनी अजून उभी आहे.

नाताळ दोन दिवसांचा, 25 आणि 26 डिसेंबर. घराघरांत मेजावर विजेचा तवा मांडून, प्रत्येकाने आपल्या छोट्या तव्हलीत आपापलं भाजून खायचं, असा बेत करतात. यजमानीण स्वयंपाकघरात अडकत नाही, हे मला फार पटलं. आपल्याला पनीर, वांग्याच्या चकत्या, ढोबळी मिरची घालून तो झकास जमतो. पण या दोन दिवसांत शेजारीपाजारी पूर्ण आपापल्या कुटुंबात असतात, रस्ते सुने, बरीच दुकानं बंद. एकटेपणाची सगळ्यात जास्त पत्रं याच आठवड्यातली. तेव्हा नोव्हेंबरातच दोन-तीन मराठी घरांशी ठरवून टाका, 25 ला तुमच्याकडे, 26 ला आमच्याकडे. आयत्या वेळी फोन केलात तर तेही कुठेतरी गेलेले असतात. आपली माणसंही तिथे राहून वहीवाली झाली आहेत.

31 ला 'ओलीबोलन', म्हणजे तेलात तळलेले गोळे. चौकाचौकांत गाड्या लागतात. आपल्या मरोळ, आंबोली, गोराईच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन घरी नाताळात फुगे खाल्ले असतील, तर ही त्यांची डच मावसबहीण समजा. घरी करायला सोपे. पाव किलो मैद्यात 7 ग्रॅम कोरडं यीस्ट, मोठा चमचा साखर, अर्धा लहान चमचा मीठ घालून, पाव लिटर कोमट दुधात फेटा. दूध शेवटी हात राखून घाला; पीठ भज्यांपेक्षा दाट, चमच्यावरून जडपणे पडणारं हवं. मूठभर बेदाणे आणि अर्ध्या सफरचंदाचे बारीक तुकडे घालून झाकून उबेला ठेवा. तासाभरात दुप्पट होतं. ते लोक एखादं अंडं घालतात, न घालताही अडत नाही. मध्यम आचेवर तेल तापवून चमच्याने सोडा, किंवा फुग्यांसारखं मुठीतून अंगठ्याशी पिळून सोडा, जास्त गोल होतात. पाच-सहा मिनिटं लागतात. घाई करून तेल फार तापवलंत तर बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतील. वरून पिठीसाखर. त्या रात्री फटाक्यांचा असा धुमाकूळ असतो की आपली दिवाळी फिकी पडावी. घरगुती फटाक्यांवर बंदी आणणारा कायदा 2025 साली त्यांच्या संसदेने मंजूर केला आहे. रात्री आठच्या सुमाराला गाड्या आणि बस बंद होतात, त्याआधी घर गाठा.

जानेवारीत कालवे गोठतील, लोक घसरपट्टीच्या बुटांनी सुरकांड्या मारतील, हे चित्र मनात घेऊन गेलात तर बहुधा निराश व्हाल. अकरा गावांना जोडणारी त्यांची प्रसिद्ध 200 किलोमीटरची बर्फावरची शर्यत शेवटची झाली 4 जानेवारी 1997 ला. तेवढं जाड बर्फ त्यानंतर जमलेलंच नाही. ऊन पडेल त्या दिवशी मात्र हातातलं काम टाकून बाहेर पडा. सावळ्या वर्णाच्या माणसांनी रोज 10 मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्व घ्यावं, असा तिथल्या आरोग्य परिषदेचा सल्ला आहे. आपल्या डॉक्टरांना विचारून निघतानाच गोळ्या घ्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू तिथे शनिवारी होतं, मग संक्रांत बुधवारी का असेना. चिकीचा गूळ इथूनच न्या, गुला जावाचा पाक लवकर धरत नाही. काळी साडी ठेवायला विसरू नका, आणि चहाला आलेल्या त्या शेजारणीला तारीख आधी कळवा. परतीचं तिकीट काढताना दिवस बोटांवर मोजा. व्हिसाच्या 90 दिवसांत उतरल्याचा दिवसही धरतात आणि निघण्याचाही.